कुठे, कसं आणि केव्हा दुखलं

फुटबॉल खेळणाऱ्या आपल्या पोरांना मैदानावर पहिल्यांदा उपयोगी पडणारा इंग्रजी शब्द म्हणजे ‘ओके’, आणि पुष्कळांचं इंग्रजी तिथेच संपतं. टॅकलमध्ये पाय अडकून पोरगा खाली पडतो. रेफ्री वाकून विचारतो, ‘यू ओके? कॅन यू कंटिन्यू?’ पोरगा दातओठ खात उठतो, हात वर करतो, ‘ओके, ओके’ म्हणतो आणि लंगडत आपल्या जागेवर जातो. त्याला काय होतंय हे त्या मैदानावर त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि नेमकं तेच सांगायला त्याच्यापाशी शब्द नसतात. त्या ‘ओके’च्या जागी एखादं खरं, कामाचं वाक्य यावं म्हणून हे छोटं पुस्तक तयार झालं आहे. प्रस्तावना लिहायला सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, कारण या शब्दांवाचून होणारं नुकसान मी जवळून पाहत आलो आहे.

मी भाषेचा शिक्षक नाही; खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करणारा माणूस आहे. कोल्हापुरात राहून फुटबॉलपासून लांब राहता येत नाही. इथे संघ ओळखले जातात ते तालमींच्या नावाने: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात आणि पेठापेठांतून दुसरा विषय निघत नाही. कुस्ती आणि फुटबॉल एकाच अंगणात वाढल्यामुळे दुखण्याची भाषाही इथे भरपूर आहे. लचक, उसण, चमक, सणक, कळ, ठणका, ठसठस, मुका मार, वांब, झिणझिण्या. पोराने नुसतं ‘सणक जात्या’ म्हटलं की वस्तादाला पुढचं कळतं. अडचण वेस ओलांडल्यावर सुरू होते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तेव्हापासून बाहेरच्या अकादम्या आणि व्यावसायिक क्लब इथल्या पोरांना हाताशी आल्यासारखे वाटू लागले आहेत, आणि ते योग्यच आहे. पण तिथल्या ड्रेसिंग रूममध्ये ‘सणक’ कुणाला कळत नाही.

मग तिथे चालतं काय? इंग्रजी, पण साहेबाची नव्हे. मुंबई सिटीने २०२०-२१ च्या हंगामात इंडियन सुपर लीगची साखळी फेरी आणि करंडक दोन्ही जिंकले, तेव्हा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा स्पेनचे होते, कर्णधार अमरिंदर सिंग पंजाबचा आणि अंतिम सामन्यात निर्णायक गोल करणारा बिपिन सिंग मणिपूरचा. अशा संघात इंग्रजी बहुतेकांची मातृभाषा नसते. बहुतेक जण ती तोडकीमोडकी, कामापुरती बोलतात. हे आपल्या मुलांना आधी सांगायला हवं, कारण त्यांना व्याकरणाची फार धास्ती असते. फिजिओसमोर ‘माय अँकल स्वेलिंग’ म्हटलं तरी काम होतं. क्रियापद चुकलं म्हणून कुणाचा उपचार अडत नाही. अवयव चुकला तर मात्र अडतो.

म्हणून हे पुस्तक अवयवांपासून सुरू होतं, आणि ते मला फार पटलं. मराठीत ‘पाय’ म्हणजे खुब्यापासून अंगठ्यापर्यंत सगळंच. इंग्रजीत घोट्याच्या वर ‘लेग’ आणि खाली ‘फूट’. ‘हात’ही तसाच, त्याचे ‘आर्म’ आणि ‘हँड’ वेगळे. आपण कंबर धरली म्हणतो; तिथे ‘लोअर बॅक’ म्हणावं लागतं, ‘वेस्ट’ म्हटलं तर समोरच्याला पँटचं माप आठवेल. आपली ‘नस’ तर सगळीकडे धावून येते. नस चढली, नस दबली, नस तुटली. पहिल्या वेळी स्नायूत वांब आलेला असतो, दुसऱ्या वेळी मज्जातंतूवर दाब आलेला असतो, तिसऱ्या वेळी बहुधा स्नायूबंध म्हणजे टेंडन गेलेला असतो. या तिन्हींचे उपचार तीन टोकांचे. उच्चारांचंही थोडं पाहावं लागतं. ‘नी’मधला ‘के’, ‘रिस्ट’मधला ‘डब्ल्यू’, ‘काफ’मधला ‘एल’ हे तिन्ही मुके. आणि घोट्याला ‘अंकल’ म्हणणारी मुलं तर मला दर हंगामात भेटतात. तो ‘अँकल’ आहे, तोंड थोडं जास्त उघडून म्हणायचा.

अवयव चुकल्याने काय होतं, त्याचं एक उदाहरण सांगतो. आपल्याकडचा एक विंगर दुसऱ्या राज्यातल्या क्लबात चाचणीसाठी गेला होता. रात्री त्याचा फोन आला.

‘सर, डॉक्टर इचारत्यात काय ते ध्यानात यीना. लेग पेन म्हटलं तर मांडीच दाबून बघालेत.’

‘दुखतंय नेमकं कुठं?’

‘पावलाला. भाईरच्या अंगाला, करंगळीपास्नं मागं.’

‘लागलं कसं?’

‘हेडला उडी मारली, उतरताना पाय आत दुमडला. काड्दिशी वाजलं. आता पाय टेकवंना.’

एवढ्यात सगळं आलं. जागा आली, कसं झालं ते आलं, आवाज आला आणि आता काय करता येत नाही तेही आलं. त्याला मी चार वाक्यं सांगितली आणि त्याने ती देवनागरीत लिहून घेतली. ‘इट्स माय फूट, द आउटर साइड. आय लँडेड अँड इट रोल्ड इन. आय हर्ड अ क्रॅक. आय कान्ट पुट वेट ऑन इट.’ दुसऱ्या दिवशी एक्स-रे झाला. पाचव्या मेटाटार्सलचं, म्हणजे करंगळीमागच्या लांब हाडाचं फ्रॅक्चर निघालं. त्या हाडाच्या एका विशिष्ट भागात रक्तपुरवठा कमी असतो, तिथलं फ्रॅक्चर लवकर जुळत नाही आणि कधी कधी स्क्रू घालावा लागतो. ‘ओके’ म्हणून तो आणखी दोन दिवस पळला असता तर काय झालं असतं, ते निराळं सांगायला नको. त्या डॉक्टरांना मी बोल लावणार नाही. ‘लेग’ म्हटल्यावर त्यांनी लेग तपासला.

त्या चारांतलं शेवटचं वाक्य सगळ्यात वजनदार. कॅनडात ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात घोट्या-पावलाच्या दुखापतीचे काही नियम घालून दिले, ते आज जगभर वापरतात. एक्स-रे काढायचा की नाही हे त्यावरून ठरवतात. ठरावीक हाडांवर दाबल्यावर दुखतं का, आणि रुग्णाला त्या पायावर भार देऊन चार पावलं टाकता येतात का, हे दोन मुख्य प्रश्न. म्हणजे ‘आय कान्ट पुट वेट ऑन इट’ एवढं नीट म्हणता आलं तरी डॉक्टरचा निर्णय बदलू शकतो. अशी वाक्यं पुस्तकात ठळक छापली आहेत. बाकी काही पाठ झालं नाही तरी चालेल, ही मात्र व्हायलाच हवीत.

निदानाचे भारदस्त शब्द आधी शिकायचा मोह होतो. मुलांना ‘एसीएल’, ‘मेनिस्कस’, ‘हॅमस्ट्रिंग’ फार आवडतात, टीव्हीवर ऐकलेले असतात. माझं म्हणणं उलट आहे. निदान डॉक्टर करील. खेळाडूने क्रियापदं शिकावीत. गुडघा घ्या. दिशा बदलताना गुडघ्यात ‘पॉप’ झालं आणि दोन-तीन तासांत तो सुजून टम्म झाला, तर डॉक्टरच्या मनात पहिला संशय एसीएलचा, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या पुढच्या तिरक्या लिगामेंटचा येतो. गुडघा मध्येच अडकतो, पूर्ण सरळ होत नाही, तर ‘इट लॉक्स’. तिथे मेनिस्कस या कूर्चेच्या गादीचा तुकडा आडवा आला असण्याची शक्यता. चालताना गुडघा अचानक दगा देतो, तर ‘इट गिव्ह्ज वे’. सांधा सैल झाल्याची ती खूण. आणि धावताना मागून कुणी लाथ घातली असं वाटलं, वळून पाहिलं तर मागे कुणीच नाही, तर अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेच्या वरची जाड दोरी तुटली असण्याचा संभव मोठा. पॉप, लॉक, गिव्ह वे, स्वेल. या चार क्रियापदांनी गुडघ्याची निम्मी हकिकत सांगून होते, आणि त्यांतलं एकही अवघड नाही.

दुखण्याच्या जातीचंही तसंच. इथे मराठी आधीच इतकी श्रीमंत आहे की फक्त जोड्या लावायच्या. ठणका ‘थ्रॉबिंग’, चमक ‘शार्प पेन’, आग होते तर ‘बर्निंग’, आखडलंय तर ‘टाइट’ किंवा ‘स्टिफ’, दाबल्यावरच दुखतं तर ‘टेंडर’, वांब ‘क्रॅम्प’, झिणझिण्या ‘पिन्स अँड नीडल्स’, बधिर ‘नम’. शेवटच्या दोन शब्दांकडे लक्ष द्या. मानेवर आपटल्यावर दोन्ही हातांत झिणझिण्या आल्या किंवा पाय बधिर वाटले, तर त्या खेळाडूला जागचा हलवायचा नाही. त्याने स्वतः ‘नम’ म्हणायला हवं आणि भोवतीच्या पोरांनी ‘डोन्ट मूव्ह हिम’ म्हणायला हवं. आपल्याकडे प्रेमापोटी चार जण धावतात आणि उचलून बाजूला नेतात. ते प्रेम इथे घातक ठरू शकतं.

मुक्या माराबद्दल थोडं. प्रतिस्पर्ध्याचा गुडघा मांडीत बसतो, हाड शाबूत राहतं, पण स्नायू आतून ठेचला जातो. डॉक्टरी भाषेत ‘कन्ट्यूजन’, इंग्लंडच्या मैदानावर ‘डेड लेग’, ऑस्ट्रेलियात ‘कॉर्की’. कुठल्याही नावाने सांगा, पण सांगा. नाही सांगितलं तर रात्री कुणीतरी तेल घेऊन मांडी रगडायला बसतो. ताज्या मुक्या मारावर जोरात चोळलं तर आतला रक्तस्राव वाढतो, आणि काही वेळा त्या स्नायूत चक्क हाड तयार होऊ लागतं. तालमीच्या मालिशीबद्दल मला अतोनात आदर आहे. थकलेल्या अंगावर तिच्यासारखा उपाय नाही. पण पहिले दोन-तीन दिवस ठेचलेल्या मांडीला तिच्यापासून दूर ठेवायचं.

‘स्प्रेन’ आणि ‘स्ट्रेन’ या जुळ्यांनी मुलं हैराण होतात. हाडाला हाड बांधणारं लिगामेंट ताणलं गेलं तर स्प्रेन. स्नायू किंवा त्याचा टेंडन ताणला गेला तर स्ट्रेन. म्हणून घोट्याचा स्प्रेन आणि मांडीचा स्ट्रेन. एवढं लक्षात ठेवलं की पुरे, आणि गोंधळ झाला तरी मनाला लावून घेऊ नये. २०११ मध्ये म्युनिकमध्ये क्रीडावैद्यकातले जाणकार स्नायूंच्या दुखापतींची नावं एकसारखी करायला बसले होते. त्याआधी त्यांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या तज्ज्ञांकडे आणि संघांच्या डॉक्टरांकडे चौकशी केली, तर ‘स्ट्रेन’चा अर्थ जो तो आपापल्या परीने लावत होता. अडाणी कुणीच नव्हतं; शब्दच ढिला होता. अशा वेळी ‘मला पुढे वाकताना मांडीच्या मागे खेचल्यासारखं होतं’ हे साधं वाक्य कुठल्याही नावापेक्षा पक्कं ठरतं.

मांडीच्या मागचं बोलायचं तर आपल्याकडे ‘त्याला हॅमस्ट्रिंग झालंय’ असं सर्रास म्हणतात. हॅमस्ट्रिंग प्रत्येकाला असतंच. मांडीच्या मागच्या स्नायूंच्या गटाचं ते नाव आहे. ‘आय पुल्ड माय हॅमस्ट्रिंग’ म्हटलं की ती दुखापत होते. युरोपातल्या मोठ्या क्लबांमधल्या दुखापतींची नोंद युएफा २००१ पासून ठेवून घेत आहे, आणि पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त वेळा जायबंदी होणारा भाग हाच. ‘लिगामेंट झालंय’चीही तीच कथा. आणखी एक पक्का गैरसमज म्हणजे ‘फ्रॅक्चर नाही, नुसता क्रॅक आहे’. क्रॅक हे फ्रॅक्चरच असतं, बारीक असतं एवढंच. या एका समजुतीपायी प्लास्टर लवकर काढून मैदानात उतरलेली पोरं थोडी नाहीत.

ज्यांना वाटतं की हे शब्द इंग्रजांना जन्मतः येतात, त्यांना २००२ सालची गोष्ट सांगावी. एप्रिलमध्ये देपोर्तिवोविरुद्धच्या सामन्यात डेव्हिड बेकहॅमच्या डाव्या पावलातलं दुसरं मेटाटार्सल मोडलं. विश्वचषक जेमतेम सात आठवड्यांवर होता. तोवर ब्रिटनमधल्या सामान्य माणसाने हा शब्द क्वचितच तोंडी घेतला असेल. पुढचे काही आठवडे वर्तमानपत्रांनी पावलाच्या हाडांची चित्रं छापली आणि चहाच्या टेबलावर लोक मेटाटार्सल मोजू लागले. एका माणसाच्या पावलाने साऱ्या देशाला शब्द शिकवला. म्हणजे हे शब्द कुणाच्याच आईच्या दुधातून येत नाहीत, गरज पडली की येतात. आपल्या मुलांना ते गरजेच्या आधी मिळावेत, एवढीच धडपड.

एक जागा अशी आहे की जिथे शब्द ठाऊक असूनही तोंडातून निघत नाही. जांघ. इंग्रजीत ‘ग्रॉइन’. फुटबॉलमध्ये पाय आडवा फेकून चेंडू मारावा लागतो, झटकन वळावं लागतं. मांडीच्या आतल्या स्नायूंवर त्याचा सगळा ताण येतो. ही दुखापत नेहमीची आहे, आणि दुर्लक्ष केलं तर महिनोन्महिने रेंगाळणारी. मुलं लाजेने ‘स्टमक पेन’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘थाय’. पुस्तकात हा शब्द आडपडदा न ठेवता, चित्रासकट दिला आहे. कुणी आक्षेप घेतलाच तर मला खुशाल भेटावं.

मुलींना हा संकोच दुप्पट छळतो, आणि त्यांच्याबद्दल आपण एकूणच कमी बोलतो. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला, त्याचे सामने नवी मुंबईत आणि गोव्यातही झाले. त्यानंतर आपल्याकडे खेळणाऱ्या मुली वाढलेल्या मला दिसतात. त्याच वर्षी जुलैमध्ये युरो स्पर्धा सुरू व्हायला एक दिवस उरला असताना स्पेनच्या अलेक्सिया पुतेयासचं एसीएल सरावात फाटलं. ती त्या काळात जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू मानली जात होती. एसीएल जायबंदी होण्याचं प्रमाण मुलींत मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. शरीराची ठेवण, सरावाच्या सोयी, बुटांची बनावट अशा अनेक कारणांवर अभ्यास सुरू आहे. आपल्या मुलीने घरी ‘गुडघा दगा देतो’ म्हटलं, तर ‘खेळणं बंद कर’ हे उत्तर नव्हे. तिला डॉक्टरांकडे न्यावं आणि तिलाच बोलू द्यावं. वडिलांनी तिच्या वतीने बोलायला सुरुवात केली की अर्धी माहिती गळते, हे मी नेहमी पाहतो.

आता डोक्याविषयी. पुस्तकातला सगळ्यात मोठा विभाग हाच आहे, आणि हवाच. मुंबई सिटीच्या ज्या विजयाचा वर उल्लेख केला, तो अंतिम सामना १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला झाला. पहिल्या डावाच्या अखेरीस मुंबईचा अमेय रानवडे चेंडूसाठी झेपावला, धडक झाली, आणि त्याला रुग्णवाहिकेतून इस्पितळात न्यावं लागलं. सुदैवाने तो बरा होऊन पुन्हा खेळू लागला. तो प्रसंग सगळ्यांना दिसला. पण डोक्याच्या बऱ्याच दुखापती दिसत नाहीत. ‘कन्कशन’साठी बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. माणूस उभा असतो, पळत असतो, आणि आत मेंदू गोंधळलेला असतो. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरला धडक बसली, तरीही तो जवळपास पंधरा मिनिटं खेळत राहिला. मग त्याने रेफ्री निकोला रिझोलींना विचारलं, की हा अंतिमच सामना आहे ना? रिझोलींनी ते त्याचा सहकारी श्वाइनश्टायगरच्या कानावर घातलं, आणि क्रामर बाहेर गेला. त्याला तो सामना नंतर आठवेना.

अशा वेळी डॉक्टर मैदानावरच काही ठरावीक प्रश्न विचारतात. ऑस्ट्रेलियात तयार झालेले हे मॅडॉक्स प्रश्न आता सगळीकडे वापरतात. आपण आज कुठल्या मैदानावर आहोत? हा कितवा हाफ आहे? शेवटचा गोल कुणी केला? मागचा सामना कुणाशी खेळलात? तो जिंकलात का? प्रश्न सोपे आहेत, पण ते इंग्रजीतून येतात, आणि इथेच आपलं पोरगं कात्रीत सापडतं. त्याला प्रश्न कळला नाही म्हणून तो गप्प राहिला, तर डॉक्टरला वाटतं मेंदूला मार लागलाय. याच्या उलट, तो सवयीने ‘येस, येस’ म्हणत राहिला, तर खरी इजा झाकली जाते. दुसरी शक्यता पहिलीपेक्षा कितीतरी भयंकर. म्हणून हे पाचही प्रश्न शुद्धीवर असताना, हसतखेळत इतक्यांदा ऐकलेले असावेत की प्रश्नाची भाषा हा अडथळाच राहू नये. त्याबरोबर ‘आय फील डिझी’, ‘आय फील सिक’, ‘माय व्हिजन इज ब्लर्ड’, ‘द लाइट हर्ट्स माय आइज’ ही वाक्यं. आणि काहीच सुचेनासं झालं तर ‘आय डोन्ट फील राइट’. डॉक्टरला तेवढंही पुरतं. २०२१ च्या सुरुवातीला कन्कशनसाठी जादा बदली खेळाडू द्यायचे प्रयोग सुरू झाले, आणि २०२४ मध्ये स्पर्धांना ती मुभा नियमांतच मिळाली. जिथे ही सोय असते तिथे डोक्याला मार लागलेला खेळाडू बाहेर गेला म्हणून संघाचा नेहमीचा एक बदल खर्ची पडत नाही. हे खेळाडूला माहीत असलं की ‘ओके’ म्हणायचं एक कारण तरी कमी होतं.

कारणं आणखी आहेत, ती नाकारण्यात अर्थ नाही. जागा जाईल ही भीती असते. किरकोळ दुखापतीवर मैदानात उपचार घेतले की बहुतेक वेळा बाहेर जाऊन रेफ्रीने बोलावेपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्या वेळात गोल बसला तर दोष आपल्यावर येईल असं वाटतं. पेठेचा सामना असेल तर विचारूच नका. ही भीती शब्दकोशाने जाणार नाही. ती प्रशिक्षकांनी आणि तालमीच्या जाणत्यांनी घालवायची आहे, आणि त्यांनी हे पुस्तक वाचावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

शेवटचा विभाग जखमी खेळाडूसाठी नाही, कारण तो बोलू शकत नसतो. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरात फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना गोलरक्षकावर आदळला आणि कोसळला. तो वाचला नाही. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा क्रिश्चन एरिकसन कुणाचाही धक्का न लागता पडला. त्याचा कर्णधार सिमोन क्येर आधी त्याच्याजवळ धावला, त्याचा श्वास मोकळा राहील असं पाहिलं. डॉक्टरांनी छाती दाबली, मैदानावरच एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राने झटका दिला, आणि एरिकसनचं हृदय पुन्हा सुरू झालं. ‘ही इज नॉट ब्रीदिंग’, ‘कॉल द मेडिक’, ‘ब्रिंग द एईडी’. ही तीन वाक्यं संघातल्या प्रत्येकाला यायला हवीत. सामन्याआधी कर्णधाराने एईडी कुठे ठेवलं आहे हेही विचारून घ्यावं, आणि मैदानावर ते नसेल तर तसं स्पष्ट सांगायला आयोजकांना भाग पाडावं.

पुस्तक कसं वापरायचं, ते थोडक्यात. घरी कोपऱ्यात बसून घोकू नका. सरावानंतर अंग मोकळं करताना दोघादोघांनी जोड्या कराव्यात. एकाने फिजिओ व्हावं, दुसऱ्याने दुखावलेला खेळाडू. शब्द म्हणताना तो अवयव हाताने दाबून दाखवावा, ‘शिन’ म्हणताना नडगीवर, ‘काफ’ म्हणताना पोटरीवर, ‘हील’ म्हणताना टाचेवर हात जायलाच हवा. उत्तर नेहमी एकाच क्रमाने द्यावं: कुठे, कसं, केव्हा, आणि आता काय करता येत नाही. आठवड्यातून एकदा प्रशिक्षकांनी पाचही मॅडॉक्स प्रश्न अचानक कुणालाही विचारावेत. गोव्यातल्या वाचकांनी मराठी शब्दांशेजारी आपले कोंकणी शब्द लिहावेत, विदर्भातल्यांनी आपले. दूरच्या क्लबात निघालेल्या मुलाने निघण्याआधी स्वतःच्या जुन्या दुखापती इंग्रजीत एका पानावर लिहून काढाव्यात: कुठला पाय, कुठला महिना, प्लास्टर किती आठवडे, शस्त्रक्रिया झाली का. त्या पानाचा नमुना शेवटी दिला आहे. ते पान किट बॅगेत बुटांबरोबर ठेवावं आणि पहिल्याच दिवशी संघाच्या फिजिओच्या हातात द्यावं.